शंभर अल्बमांची यादी राहू द्या, आधी पांढरी दोन लावा

पत्र:
मी पार्ल्यात राहतो, वय छप्पन्न, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. घरात लहानपणापासून शास्त्रीय संगीत, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताई म्हणजे जीव की प्राण. मुलगा बंगळुरूला गेला आणि त्याचा टर्नटेबल माझ्याकडे राहिला, सोबत एकच जॅझची रेकॉर्ड, 'काइंड ऑफ ब्लू'. ती लावली आणि वेडा झालो. मग नेटवरून 'शंभर इसेन्शियल जॅझ अल्बम' अशी यादी काढली आणि त्यातून 'बिचेस ब्रू' आणि 'जायंट स्टेप्स' मागवल्या. पहिलीने डोकं उठलं, दुसरीत काही हाताला लागलं नाही. पैसे मात्र भरपूर गेले. आता ही यादी सालाप्रमाणे पहिल्यापासून घ्यायची का? सिरीयस माणसाच्या कलेक्शनमध्ये काय असायलाच पाहिजे? आणि रेकॉर्डच घ्यायच्या की सीडी चालतील?
– कानसेन, विलेपार्ले

उत्तर:

कानसेनसाहेब,

ती यादी आधी ड्रॉवरमध्ये टाका. अशा याद्यांमध्ये चुकीचं काही नसतं, अल्बम सगळे चांगलेच असतात, पण त्या केलेल्या असतात ज्याच्या कानावर लहानपणापासून पियानो, चर्चमधलं गाणं, ब्रॉडवेच्या नाटकातली गाणी पडलीयत अशा माणसासाठी. तुमच्या कानावर काय पडलंय, तर तानपुरा. आयुष्यभर तुम्ही असं संगीत ऐकलंत ज्यात षड्ज, म्हणजे मूळचा सा, एकदा लागला की मैफिल संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. बहुतेक जॅझमध्ये तो हलतो. तुमचा सगळा घोळ इथे आहे, आणि एक रेकॉर्ड का आवडली आणि दुसरी का डोक्यावरून गेली त्याचं कारणही हेच आहे.

करूनच बघा. मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं ॲप असेलच, ते पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) लावा आणि 'काइंड ऑफ ब्लू'चं पहिलं गाणं, 'सो व्हॉट', सुरू करा. सुरुवातीला बेस आणि पियानोचं जे काही हळू हळू चाललेलं असतं ते जाऊ द्या, मग बेस एक ओळ वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात ना, तिथून मोजायला लागा. चार-चार मात्रांचे सोळा बार, सगळे स्वर काफी रागाचे, ग आणि नी कोमल, तुमचा तानपुरा मस्त जुळून राहतो. मग आठ बारांसाठी अख्खं प्रकरण अर्ध्या स्वराने वर सरकतं, काळी दोनला, स्वर तेच काफीचे पण षड्जच उचलून वर ठेवलाय, आणि तुमचा बिचारा तानपुरा एकदम भयंकर बेसूर वाटायला लागतो. आठ बार झाले की परत खाली पांढरी दोनला, अजून आठ. झालं बत्तीस बारांचं एक आवर्तन, आणि माइल्स डेव्हिस (रेकॉर्ड त्याचीच), जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स सगळे ओळीने याच आवर्तनावर फिरतात. म्हणजे षड्ज हलतो, पण दर फेरीत ठरलेल्या जागी एकदाच जातो आणि परत येतो. तुम्ही न मोजता पण ते पकडलंत, म्हणून वेडे झालात.

(रेकॉर्ड जुन्या छपाईची असेल तर पहिल्या बाजूला सूर तानपुऱ्यापेक्षा किंचित चढा वाटेल. तुमचा कान बिघडलेला नाहीये. २ मार्च १९५९ च्या सेशनला न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं टेप मशीन थोडं हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी प्रत्यक्ष वाजवली त्यापेक्षा चढी छापली गेली आणि १९९२ पर्यंत ती तशीच विकली जात होती. नवीन प्रतींमध्ये बरोबर आहे.)

आता 'जायंट स्टेप्स'. तोच कोल्ट्रेन, इथे रेकॉर्ड त्याची, बेसवर तोच पॉल चेंबर्स, आणि 'काइंड ऑफ ब्लू'चं दुसरं सेशन एप्रिलच्या शेवटाकडे झालं त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, मे १९५९ मध्ये हे रेकॉर्ड झालं. पण इथे षड्ज एक नाही, तीन आहेत, एकमेकांपासून शुद्ध गंधाराच्या अंतरावर, आणि द्रुत लयीत जेमतेम सेकंदभर एका जागी थांबून पुढे पळायचं. तुम्हाला लागलं नाही यात लाज काहीच नाही कारण पियानोवाला टॉमी फ्लॅनागन, जो त्या काळातला एकदम तयारीचा माणूस, तो सुद्धा त्यात अडखळलाय. कोल्ट्रेनचा सोलो धबाधबा पडून संपतो आणि मग पियानोची पाळी येते तेव्हा ऐका, चार स्वर टाकतो, थांबतो, परत दोन, मग सरळ नुसत्या कॉर्डवर (एकत्र दाबलेल्या स्वरांवर) येतो. पुढे १९८२ मध्ये त्याने याच नावाचा स्वतःचा अल्बम काढला आणि तेच गाणं नीट वाजवून दाखवलं. तुम्हीही रेकॉर्ड ठेवून द्या, नंतर उपयोगी येणार आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की सालाप्रमाणे जाऊ नका, षड्ज किती हलतो त्याप्रमाणे जा. आधी जिथे तो जवळपास स्थिर आहे ते, मग हळूहळू जिथे जास्त फिरतो ते.

पुढची रेकॉर्ड कोल्ट्रेनचीच, 'अ लव्ह सुप्रीम'. जेमतेम तेहतीस मिनिटांची आहे, ९ डिसेंबर १९६४ ला एका दिवसात वाजवलेली, चार भाग. यासाठी तानपुरा पांढरी चारला न्या. घंटेसारखा एक टोला, सॅक्सोफोनचं थोडं आवाहन, आणि मग बेसवर जिमी गॅरिसन चार स्वर धरतो, सा, कोमल ग, सा, म. बस्स. यावर पहिला भाग उभा आहे. शेवटाकडे कोल्ट्रेन काय करतो तर तेच चार स्वर घेऊन एकेका पट्टीत फिरायला लागतो, बाराच्या बारा पट्ट्यांमध्ये, आणि खाली पियानोवर मॅकॉय टायनर आणि बेस बहुतेक मूळ जागेलाच धरून असतात, म्हणजे तुम्हाला एकाच वेळी हललेला आणि न हललेला षड्ज ऐकू येतो. मग माणसांचे आवाज येतात, त्याच चार स्वरांवर अल्बमचं नाव परत परत म्हणतात, आणि काकड्याला नामाचा गजर ऐकत मोठा झालेल्या माणसाला ते काय चाललंय हे वेगळं सांगायची गरज नाही. चौथ्या भागाला 'साम' (Psalm) म्हणून नाव आहे, प्रार्थना म्हणा. कव्हरच्या आत कोल्ट्रेनने लिहिलेली कविता छापलेली आहे, ती समोर धरून ऐका, तो सॅक्सोफोनवर ती कविता अक्षरशः शब्दाला शब्द लावून म्हणतोय. एल्विन जोन्सचा ड्रम त्यात ताल धरत नाही, नुसता खाली घुमत राहतो. घरात कोणी नसताना ऐका, हे अगदी आवर्जून सांगतो.

त्यानंतर हर्बी हॅनकॉकची 'मेडन व्हॉयेज', १९६५. षड्जाचे चार मुक्काम, प्रत्येक ठिकाणी चार बार निवांत बसायला मिळतात. सोपी आहे आणि सुंदर आहे, जास्त बोलत नाही.

'बिचेस ब्रू'बद्दल तुमचा राग मला कळतो पण तिच्यात तुम्ही चुकीच्या दाराने गेलात. गंमत म्हणजे तिथे षड्ज फार हलतच नाही! डोकं उठतं ते गर्दीमुळे, एकावेळी दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन-दोन ड्रमवाले, दोन बेस, आणि वर निर्माता टिओ मासेरोने टेप कापून जोडलेली. त्याच्या आदल्या वर्षीची माइल्सचीच 'इन अ सायलेंट वे', १९६९, ती आधी ऐका. तीच मंडळी बरीचशी, तीच कापाकापी, पण इतकी शांत की दुपारी झोपसुद्धा लागेल. महिनाभर ती ऐकून मग परत 'बिचेस ब्रू'कडे या.

आता ब्लूज. हे डोक्यात बसल्याशिवाय निम्मं जॅझ बंद दरवाजासारखंच राहणार. बारा बारांचं आवर्तन, पहिले चार सा वर, मग दोन म वर, परत दोन सा वर, मग प वरून फिरून शेवटी घरी. एवढंच आहे. तुमच्याच रेकॉर्डवरचं 'फ्रेडी फ्रीलोडर' हे ब्लूज आहे, बोटांवर मोजत ऐका, तुम्ही विलंबित एकतालात सम शोधणारे, तुम्हाला दुसऱ्या फेरीत सापडेल. आणि ते सापडलं की मग ड्यूक एलिंग्टनची 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' घ्या. ७ जुलै १९५६, रात्र बरीच झालेली, लोक उठून जायला लागलेले, आणि एका जुन्या रचनेच्या दोन भागांच्या मध्ये एलिंग्टनने सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला सोडला. (आडनावावरून म्हापशाचा वाटतो पण नाही, घराणं केप व्हर्दी बेटांवरचं.) तो पठ्ठ्या लागोपाठ सत्तावीस आवर्तनं वाजवतो. सत्तावीस! पाचव्या-सहाव्यापर्यंत काही विशेष नाही, मग प्रेक्षकांत एक बाई उठून नाचायला लागते, लोक खुर्च्यांवर उभे राहतात, आरडाओरडा वाढत जातो आणि मागे बँडमधली माणसंही ओरडून चढवतायत ते स्पष्ट ऐकू येतं. फक्त एक लक्षात ठेवा, यातली १९९९ ची पूर्ण आवृत्तीच घ्या, दोन सीडींची. मूळ एलपीत बराच भाग नंतर स्टुडिओत परत वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेल्या होत्या, आणि गोन्साल्विस वाजवताना चुकून रेडिओवाल्यांच्या माईकसमोर उभा होता म्हणून त्याचा सोलो लांबून आल्यासारखा. नंतर ती रेडिओची टेप सापडली आणि दोन्ही जोडून खरा कार्यक्रम बाहेर आला. म्हणजे इथे रेकॉर्डपेक्षा सीडी भारी.

ब्लूजच्या जोडीला आर्ट ब्लेकीची 'मोनिन' घ्या, ती सगळ्यांना आवडते, कारण शोधत बसू नका.

यानंतर गाणी. म्हणजे जॅझवाले ज्याला स्टँडर्ड म्हणतात ती, ब्रॉडवे आणि सिनेमांची जुनी गाणी घेऊन त्यांच्या चौकटीवर खेळायचं. इथे षड्ज गाण्याच्या मधल्या ओळीत कुठे कुठे जाऊन येतो आणि तुम्हाला मूळ चाल माहीत नसेल तर सोलो कुठे चाललाय कळत नाही. त्यामुळे आधी गाणाऱ्यांकडून चाली पाठ करा. 'एला अँड लुई', १९५६, एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसन आणि मंडळी. एकीचा आवाज लोण्यातून काढलेला आणि दुसऱ्याच्या घशात खडी, आणि दोघं एकमेकांना इतकी जागा देतात की बस. घरात बाकीच्यांना चालेल अशी ही पहिली रेकॉर्ड, बाय द वे. मग सॉनी रॉलिन्सची 'सॅक्सोफोन कोलोसस', तीही १९५६ चीच. यातलं 'ब्ल्यू सेव्हन' तुमच्यासाठीच आहे असं समजा, कारण रॉलिन्स तिथे नुसती स्वरांची आतषबाजी करत नाही, सुरुवातीचा छोटासा तुकडा धरून त्याचीच बढत करत जातो, जरा लांब जातो आणि मग नेमका तोच तुकडा वेगळ्या कपड्यात परत आणतो. मन्सूरांवर प्रेम करणारा माणूस हे लगेच ओळखेल. हा रॉलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईत आश्रमात राहून योग-ध्यान शिकत होता, आणि १९७८ मध्ये पहिल्या जॅझ यात्रेला धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला. तुम्ही तेव्हा शाळेत असाल नसाल, पण ज्यांनी ऐकलं ते अजून त्याबद्दल बोलतात.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवावा असं मला वाटतं ते मात्र बिल एव्हान्सचं त्रिकूट. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सेट. पियानो, बेस, ड्रम, बस. आत्तापर्यंत बेस म्हणजे साथीला, इथे बेसवाला स्कॉट लफारो पियानोच्या बरोबरीने बोलतो, मध्येच तोडतो, वरच्या सप्तकात जाऊन गातो आणि ड्रमवर पॉल मोशियन नुसत्या ब्रशने हवा हलवत असतो. मागे ग्लास वाजतायत, कोणी हसतंय, आपल्याच गप्पांत दंग आहे आणि समोर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नाही. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो गाडीच्या अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा. मग एव्हान्सने त्या दिवसाच्या टेपमधून पहिला अल्बम, 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', असा निवडला की सुरुवातही लफारोच्या रचनेने आणि शेवटही. दुसरा 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. पण तुम्ही सरळ तीन सीडींचा पूर्ण संच घ्या, त्यात सगळं वाजवलं त्या क्रमाने आहे आणि पहिल्याच गाण्यात लाईट गेल्यामुळे मध्येच टेप तुटते तेही ठेवलंय. हेडफोन लावा, एकदा फक्त बेस ऐका, दुसऱ्यांदा फक्त पियानो, मग दोन्ही.

डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट' प्रत्येक यादीत असते आणि असू दे, पण आपल्या माणसासाठी त्यात तितकं नवल नाही हो. अमेरिकेत १९५९ मध्ये पाच मात्रा आणि नऊ मात्रा म्हणजे लोकांना भूकंप वाटला, झपताल-रूपकवाल्या आपल्याला काय त्याचं. आदल्या वर्षीच्या दौऱ्यात ब्रुबेक मुंबईतही आला होता आणि हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसला होता. पॉल डेसमंडचा सॅक्सोफोन गोड आहे त्यासाठी कोणाकडून तरी मागून ऐका, पैसे वाचवा.

ते पैसे चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह उम'वर घाला. त्यात 'गुडबाय पोर्क पाय हॅट' म्हणून एक संथ गाणं आहे, १९५९ च्या मार्चमध्ये गेलेल्या सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगसाठी. ते आवडलं की लेस्टर यंग शोधा, तो सापडला की त्याने तीसच्या दशकात बिली हॉलिडेच्या मागे वाजवलेलं शोधा. कलेक्शन असं वाढू द्या, एक माणूस दुसऱ्याचं दार दाखवतो, यादी फक्त नंबर दाखवते. थेलोनियस मंकपर्यंतही तुम्ही असेच पोचाल, 'ब्रिलियंट कॉर्नर्स' दिसली तर सोडू नका.

तिथून मागे जा. एलपी १९४८ मध्ये आली, त्याआधीचं सगळं तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर, म्हणजे त्यांचा 'अल्बम' असा नाहीच, संकलनंच घ्यावी लागतात आणि याद्या करणारे म्हणून ती टाळतात. तुम्ही टाळू नका. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत झिंझोटीचं काय केलंय ते माहीत असलेल्या माणसाला तीन मिनिटं कमी कशी वाटतील? लुई आर्मस्ट्राँगचे हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन, १९२५ ते १९२८, खरखर आहे पण 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवातीची एकट्या ट्रम्पेटची तान ऐकली की खरखर विसराल. चार्ली पार्करचं १९४५ ते ४८ चं सॅव्हॉय आणि डायल या रेकॉर्ड कंपन्यांसाठीचं काम त्यानंतर. आता षड्ज झरझर पळायला लागलेला असेल आणि तुम्ही मागे पडणार नाही. इथे पोचलात की 'जायंट स्टेप्स' परत काढा. आणि तीही पचली की ऑर्नेट कोलमनची 'द शेप ऑफ जॅझ टू कम', तीही १९५९ चीच, तिथे पियानोच नाही, षड्ज सांगणारंच कोणी नाही. 'लोनली वुमन'मध्ये ड्रम द्रुत लयीत पळतायत आणि वरची चाल विलंबित. तुम्हाला ते आवडेल अशी माझी पैज.

आपल्या घरचं काही हवं असेल तर 'शक्ती'चा १९७६ चा पहिला लाइव्ह अल्बम, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि आपले माहीमचे झाकीरभाई, सोबत एल. शंकर आणि विक्कू विनायकराम. ॲलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद', तिथे तर चक्क तानपुराच आहे, अर्थात आपल्या पद्धतीचा जुळलेला असेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि मुंबईचं जॅझ ऐकायचं तर युट्यूबवर 'अलबेला' काढा, भगवानदादांच्या 'दीवाना परवाना'मध्ये जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा, गोव्याचा ट्रम्पेटवाला, लोक त्याला इथला लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि आपल्या सी. रामचंद्रांनी त्याला धरून आणला १९५१ मध्ये.

रेकॉर्ड की सीडी, तर वर सांगितलं तसं, न्यूपोर्ट आणि व्हॅनगार्ड सीडीच. पार्कर आणि आर्मस्ट्राँगही सीडीच, मूळ तबकडीच होती, एलपीचा मोठेपणा काही नाही. बाकी पाच-सहा ज्या रोज लावाव्याशा वाटतील त्या रेकॉर्ड घ्या, नवीन कोरी आता अडीच-तीन हजारांच्या खाली क्वचित मिळते त्यामुळे आधी फोनवर आठवडाभर ऐका आणि तरी हवीशी वाटली तरच मागवा. 'फर्स्ट प्रेसिंग' म्हणजे पहिल्या छपाईचीच प्रत हवी म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं त्यामुळे उभ्या उभ्या ऐकून घ्यायची सोय गेली, पण चोर बाजारात मटण स्ट्रीटला शुक्रवार सोडून एखाद्या सकाळी चक्कर मारा, कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात छापलेल्या जुन्या एचएमव्हीच्या रेकॉर्डमध्ये मध्येच एलिंग्टन निघतो. घेताना मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, ओरखड्यावरून नख फिरवा, नखाला लागला तर परत ठेवा, नुसता दिसत असेल तर चालतो. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का तेही बघा. पांढरी बुरशी असेल तर घाबरू नका पण भाव पाडा, ती कोमट पाण्यात एक थेंब भांड्यांचा लिक्विड साबण घालून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसली की बहुतेक वेळा जाते, फक्त मधलं लेबल ओलं करू नका. आणि पार्ल्यात तुमचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर ते आत्ताच हलवा, रेकॉर्ड उभ्या ठेवा, आतलं कागदी पाकीट काढून प्लास्टिकचं घाला आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदला, नाहीतर गणपतीपर्यंत कोल्ट्रेनवर पण बुरशी.